यजमान एकच असतो

सृष्टी : नाही आक्का, मल्हार गेला म्हणजे मशिन गेलं. तुमचा मल्हार नाही.

अंबूबाई : मग मशिन गेलं म्हणावं. पोराचा सकाळीच फलटणवरनं फोन आलाता, कारखान्यावर ड्यूटीला निघालोय म्हणला. आन तू दुपारचं फोन करून म्हणतीस, आक्का, मल्हार गेला, यादीतनं त्याचं नाव काढूया. हातातली परात पडली माझ्या.

सृष्टी : चुकलं माझं. पण नावं मी नाही ठेवली. माझ्या आधीच्या सूरजनं ठेवली. बाकी सगळीकडं मशिनींना एक, दोन, तीन म्हणतात.

अंबूबाई : मायेनं ठिवली त्यानं. तुमच्या संस्थेच्या ओव्या-हाका साठवायच्या मशिनी आमच्या खोलीत बसवताना दोन म्हैनं हितंच ऱ्हायला, हितंच जेवला. जाताना एकीला आत्याबाईंचं नाव दिलं, म्हंजे माझ्या सासूचं. एकीला पोराचं. आन एकीला ह्यांचं.

सृष्टी : हरणाबाई, मल्हार आणि बिराप्पा.

अंबूबाई : व्हय. तेच तिघं.

सृष्टी : आता ऐका. मला साताऱ्यात बसून त्या मशिनींपर्यंत पोचता येत नाही. रस्त्याच्या कामात जेसीबीनं केबल तोडली, जोडायला चार दिवस लागतील म्हणतात. म्हणून मी फोनवर सांगते आणि तुम्ही टाइप करायचं. जमेल?

अंबूबाई : एकतीस वर्सं आंगणवाडी चालवली. शेवटची पाच वर्सं मोबाइलात पोरांची वजनं भरली, रेंजसाठी पाण्याच्या टाकीवर चढून. तू सांग, मी करती. पर आदी हे सांग, ह्यांच्या मेंढरांच्या हाका शाबूत हाइत का?

सृष्टी : असायला पाहिजेत. तिन्ही मशिनींत एकच सामान तीनदा ठेवलेलं असतं. एक गेलं तर दोघांवर चालतं. तीन घेतली ती त्यासाठीच.

अंबूबाई : मग काल का न्हाई वाजल्या?

सृष्टी : भोंग्याची वायर मल्हारला होती. आणि मल्हारचं नाव यादीत आहे तोवर बाकीची दोघं प्रत्येक कामाला त्याची वाट बघत बसतात. त्याचं नाव रीतसर कमी केलं की मोकळी होतील.

अंबूबाई : काल हरिबा भावजी वड्याच्या कडंला तासभर बोंबलत हुतं. साठ मेंढरं, एकानं मान वर केली न्हाई. शेवटी कुत्री लावून आणली, तर दोन गाभण मेंढ्या लंगडत आल्या. ह्यांच्या आवाजाबिगर ती घराकडं वळत न्हाईत. आन मिरजेला आपरेशन झाल्यापासनं ह्यांच्या नरड्यातनं नुस्तं वारं निघतंय. डाक्टर म्हणलं, आवाज परत यायचा न्हाई. म्हून रोज दिस कलला की मी भोंग्यावर ह्यांची हाक लावती.

सृष्टी : कुणाच्या मोबाइलमध्ये घेतल्या नव्हत्या का?

अंबूबाई : मल्हारनं घेतल्या हुत्या. त्यानं नवा मोबाइल घेतला, हाका जुन्याबरोबर गेल्या.

सृष्टी : बरं. आत्ता कुठल्या मशिनपुढं बसलाय?

अंबूबाई : आत्याबाईंच्या. परवाच दुरुस्तीसनं आलंय. तीन म्हैनं सांगलीत पडून हुतं.

सृष्टी : तेच चालेल. काळ्या पडद्यावर इंग्रजीत लिहा, आधी या तिघांना एकत्र चालवणाऱ्या प्रोग्रॅमचं नाव. ग्लस्टर, मोकळी जागा, पूल, मोकळी जागा, लिस्ट.

अंबूबाई : पूल? वड्यावरचा?

सृष्टी : पी ओ ओ एल. तिघांचं मिळून जे घर, त्याला पूल म्हणायचं. लिस्ट म्हणजे घरात कोण कोण आहे ते सांग.

अंबूबाई : कुटुंबाचा सर्वे. लय केलेत. थांब... आलं. शेवटाला लोकलहोस्ट लिवलंय. ह्यो कोण आणि? ह्या नावाचं आपल्यात कोण न्हाई.

सृष्टी : ते हरणाबाईच. मशिन स्वतःचं नाव स्वतः घेत नाही. आपण ज्याच्यापुढं बसतो ते स्वतःला लोकलहोस्ट म्हणवतं. होस्ट म्हणजे यजमान. इथला यजमान. तुम्ही वाचताना नुसतं यजमान म्हणा, मला कळेल.

अंबूबाई : यजमान म्हणलेलं चालतंय?

सृष्टी : चालतंय की.

अंबूबाई : लय बरं झालं. मी तेच इचारणार हुती, हे तुला वाचून दावायचं कसं.

सृष्टी : वरनं खाली वाचा. आधीचे लांबलचक आकडे सोडा. नाव आणि त्याच्यापुढचा शब्द.

अंबूबाई : मल्हार, डिसकनेक्टेड. यजमान, कनेक्टेड. यजमान, कनेक्टेड.

सृष्टी : यजमान दोनदा वाचलंत.

अंबूबाई : दोन जागी हाइत.

सृष्टी : असं होत नाही आक्का. यजमान एकच असतो.

अंबूबाई : माझाबी एकच हाय गं बाई. दोन कोण म्हणतंय?

सृष्टी : तीच ओळ परत वाचली असणार तुम्ही. अक्षर बारीक असतं.

अंबूबाई : आसंल. तू शिकलेली.

सृष्टी : पण मग बिराप्पा कुठंय?

अंबूबाई : सोप्यात बसल्यात.

सृष्टी : नाही, मी म्हणते...

अंबूबाई : पाटी-पेन्शिल घिऊन बसल्यात. काय सांगायचं आसलं की लिवत्यात. डाक्टरनी धुळीत जायचं न्हाई म्हणलंय, म्हून ह्या खोलीत मी येऊ देत न्हाई. काय निरोप हाय?

सृष्टी : तुमचे बिराप्पा नाहीत, मशिन बिराप्पा. यादीत ते नाव तुम्ही वाचलं नाही.

अंबूबाई : न्हाई वाचलं.

सृष्टी : एकदाही नाही?

अंबूबाई : न्हाई बाई. माझ्याच्यानं कसं वाचवंल?

सृष्टी : म्हणजे बिराप्पाही गेला.

अंबूबाई : जरा तोंड सांभाळून बोल पोरी. सोप्यात ऐकू जातंय. आवाज गेलाय त्यांचा, कान शाबूत हाइत.

सृष्टी : मशिन, आक्का. मशिन गेलं.

अंबूबाई : मशिन तरी कसं गेलं? माझ्या शेजारी हाय. दिवा लुकलुकतोय, पंखा फिरतोय.

सृष्टी : दिवा लागणं वेगळं आणि यादीत असणं वेगळं.

अंबूबाई : म्हंजे पटावर नाव न्हाई, पर पोरगं रोज येऊन खिचडी खातंय.

सृष्टी : अगदी तसंच. फोन ठेवू नका, मी जयराज सरांना विचारून येते. माझ्या एकटीच्या अखत्यारीतलं नाही हे.

(तीन-चार मिनिटं फोनवर फक्त मशिनींच्या पंख्यांची घरघर.)

सृष्टी : आक्का, आहात का?

अंबूबाई : हितंच हाय. काय म्हणलं तुझं सर?

सृष्टी : पहिल्यांदा मॅन्युअल उघडून बघितलं त्यांनी. मग म्हणाले, तिघांतली दोघं गेली की उरलेलं मशिन कुलूप लावून बसतं. एकट्यानं काही ठरवायचं नाही असा त्याचा नियमच आहे. त्यामुळं गेलेल्या दोघांची नावं काढायची, हरणाबाईला एकटीला मोकळं करायचं आणि तिच्यावर जेवढं आहे तेवढं आजच्या आज दुसरीकडं उतरवून घ्यायचं.

अंबूबाई : आन हाका?

सृष्टी : जात्यावरच्या ओव्या वाचतील. झाडपाल्याची नावं वाचतील. मेंढरं घेऊन कोकणात उतरायच्या वाटा...

अंबूबाई : त्या मला पाठ हाइत. मी हाका इचारतीय.

सृष्टी : हाका सूरजनं श्रावणात घेतल्या. तेव्हा हरणाबाई सांगलीला दुरुस्तीत होती. त्या गेल्या फक्त मल्हारवर आणि बिराप्पावर. मल्हारची डिस्क जळाली. आणि आता बिराप्पा यादीत नाही.

अंबूबाई : म्हंजे कुठंच न्हाईत.

सृष्टी : नाहीत, आक्का.

अंबूबाई : बावीस हुत्या. पाण्यावर न्ह्यायची निराळी, काट्याकुट्यातनं काढायची निराळी, लांडगा दिसला तर निराळी. मेंढरांना बावीसच्या बावीस कळत्यात. हरिबा भावजींना दोन येत्यात, त्याबी सारख्याच वाटत्यात. ह्यांनी त्या सूरजच्या माइकापुढं आठ दिस बसून एकेक हाक घातली. आपरेशनच्या आदी झालं म्हून किती खूश हुतं. म्हणलं, आता नरडं गेलं तरी चालंल.

सृष्टी : मला फार वाईट वाटतंय.

अंबूबाई : वाटू दे. काय लिवायचं ते सांग.

सृष्टी : ग्लस्टर, व्हॉल्यूम, मग रिमूव्ह, आडवी रेघ, ब्रिक.

अंबूबाई : ब्रिक म्हंजे वीट.

सृष्टी : हो. एकेका मशिनमधला साठा म्हणजे एकेक वीट.

अंबूबाई : पाडकाम हाय म्हण की.

सृष्टी : पुढं संग्रह, इंग्रजीत, आपल्या सगळ्या साठ्याचं तेच नाव आहे. मग रेप्लिका, मग एकचा आकडा. म्हणजे इथनं पुढं एकच प्रत. मग मल्हार, दोन टिंबं एकाखाली एक, आणि भिंतीवर सूरजनं कागद चिकटवलाय त्यावरचा पत्ता. मग परत तसंच, पण मल्हारच्या जागी बिराप्पा. सांगू का अक्षरं?

अंबूबाई : यत्यात मला. लिवायला काय नडत न्हाई. रेशनकार्डावर लिवलंय, बँकेत लिवलंय.

सृष्टी : शेवटी फोर्स लिहा आणि एंटर.

अंबूबाई : दाबलं. आता इचारतंय काय तरी.

सृष्टी : काय विचारतंय?

अंबूबाई : म्हणतंय, ह्या इटांवरचं सामान दुसरीकडं न्हेणार न्हाई, काढल्यावर ते पुन्ना मिळायचं न्हाई. पुढं जायचं का? वाय न्हाईतर एन.

सृष्टी : एवढं इंग्रजी समजलं तुम्हाला?

अंबूबाई : मराठीतलं जीआर वाचलेत मी. हे त्यापरीस सोपं हाय.

सृष्टी : वाय दाबा.

अंबूबाई : हं.

सृष्टी : दाबलं का? आक्का?

अंबूबाई : मला एक कळंना. पटावर ज्या पोराचं नाव न्हाई, त्याचं नाव कमी करायचा अर्ज ह्यानं घेतला कसा?

सृष्टी : म्हणजे?

अंबूबाई : तू म्हणतीस, ते यादीत न्हाईत. मग त्यांना काढू का म्हून हे मला कशाला इचारतंय? म्हणायला पायजे, आसं कोण आमच्यात न्हाई, तुमी तुमचं बघा. आमची सुपरवायझर आदी पट बघायची, मगच सही करायची. लय खडूस बाई, पर चुकायची न्हाई.

सृष्टी : थांबा. जो घरात नाही त्याची वीट भिंतीत असूच शकत नाही. आक्का, वाय दाबू नका. किबोर्डावरचा हात काढा.

अंबूबाई : काढला. मांडीवर ठिवलाय.

सृष्टी : मघाची यादी वर दिसत असेल. त्यात ओळी किती आहेत? नावं नकोत, नुसत्या ओळी मोजा.

अंबूबाई : मथळा सोडून तीन.

सृष्टी : हे मी पहिल्यांदा विचारायला पाहिजे होतं. पहिली मल्हार. तिसरी लोकलहोस्ट. मधली?

अंबूबाई : यजमान.

सृष्टी : तिथं लोकलहोस्ट लिहिलंय?

अंबूबाई : न्हाई.

सृष्टी : मग काय लिहिलंय?

अंबूबाई : यजमानांचं नाव.

सृष्टी : अक्षरं सांगा बघू एकेक.

अंबूबाई : अक्षरं जोडली की नावच होतं की. एकतीस वर्सं पोरांना दुसरं काय शिकवलं मी?

सृष्टी : आक्का. तुम्ही ते नाव घेत नाही.

अंबूबाई : बेचाळीस वर्सं झाली, न्हाई घेतलं. आंगणवाडीत त्या नावाची दोन पोरं हुती. आडनावानं एकाला लांडग्याचा म्हणायची, एकाला कोळेकराचा. हजेरीत लिवायची, तोंडानं न्हाई. तू म्हणलीस, यजमान म्हणा, मला कळेल. मला वाटलं, पोरगी शहरातली आसून समजदार हाय.

सृष्टी : मी होस्टला यजमान म्हणत होते.

अंबूबाई : आन मी यजमानाला.

सृष्टी : म्हणजे ते मशिन कनेक्टेड आहे. पहिल्यापासून होतं.

अंबूबाई : पहिल्या झटक्यातच सांगितलं मी. यजमान, कनेक्टेड. तूच म्हणलीस, एकच आसतो.

सृष्टी : एन दाबा. आधी एन दाबा.

अंबूबाई : दाबला. परत रिकामी ओळ आली.

सृष्टी : काही काढलं नाही ना? काही म्हणतंय का?

अंबूबाई : काय न्हाई. गप हाय. तू का रडतीस?

सृष्टी : रडत नाही. आणखी एक गोंधळ झालाय. जयराज सरांनी संस्थेच्या ग्रुपवर टाकलंय, मल्हारपाठोपाठ बिराप्पाही गेला. त्यावर रहिमतपूरच्या आप्पासोंनी श्रद्धांजली लिहिली आणि विचारलंय की माती कधी आहे.

अंबूबाई : त्यांना लिव, चा पितायत म्हणावं. साखर कमी पडली म्हून पाटीवर लिवून दावतायत.

सृष्टी : लिहिते. आता बरोबर करू. परत तीच ओळ, पण रेप्लिका दोन, आणि वीट एकट्या मल्हारची. तुमच्या यजमानांचं नाव येताच कामा नये.

अंबूबाई : आता कसं नीट बोललीस. लिवलं... इचारतंय परत.

सृष्टी : आता वाय.

अंबूबाई : सक्सेस म्हणतंय.

सृष्टी : आता मल्हारला घराबाहेर काढायचं. ग्लस्टर, पीर, डिटॅच, मल्हार.

अंबूबाई : पीर तर वड्यापल्याड हाय. त्याला ह्यात कशाला घेतीस?

सृष्टी : पी डबल ई आर. बरोबरीचा, जोडीदार. डिटॅच म्हणजे त्याला मोकळं कर.

अंबूबाई : मशिन मल्हारला.

सृष्टी : मशिन मल्हारला. विचारेल, वाय म्हणा.

अंबूबाई : झालं. सक्सेस. पोराचं नाव काढताना बरं वाटलं न्हाई, पर झालं.

सृष्टी : आता उठून दुसऱ्या मशिनपुढं बसा. तुमच्या यजमानांच्या. मला खात्री करायचीय. परत पूल लिस्ट. आणि आधी ओळी मोजा.

अंबूबाई : बसली. ओळी दोन. आत्याबाई, कनेक्टेड. यजमान, कनेक्टेड.

सृष्टी : हा कुठला यजमान? लोकलहोस्ट का तुमचे?

अंबूबाई : हितं दोन्ही एकच हाइत की. ह्यांच्या मशिनीवर ह्यांचं नावच येत न्हाई, नुस्तं लोकलहोस्ट. ह्या मशिनला रीत कळती.

सृष्टी : संग्रहाचं फोल्डर उघडा. त्यात श्रावण.

अंबूबाई : उघडलं. आता अडकलं न्हाई कुठं. एक, दोन... बावीस हाइत गं. बावीसच्या बावीस.

सृष्टी : आता यातलं जे हरणाबाईवर नाही ते आपोआप तिच्यावर उतरेल. उद्यापर्यंत दोघांकडं सारखं होईल. तोवर कुठल्याच मशिनला हात लावायचा नाही.

अंबूबाई : झाडूबी न्हाई लावत. भोंग्याची वायर हिकडं लावू का? साडेपाच वाजलं, मेंढरं वड्याला बसली आसतील.

सृष्टी : लावा. मागं हिरवं भोक आहे त्यात.

अंबूबाई : लावली. घराकडं वळायची हाक अकरावी. दाबती... लागली. ऐकू यती का तुला?

सृष्टी : येतेय. फोनवरनंसुद्धा अंगावर काटा येतोय. मी त्यांचा आवाज पहिल्यांदा ऐकतेय, आक्का. मी कामाला लागले तेव्हा त्यांचं ऑपरेशन झालं होतं.

अंबूबाई : ह्यो नुस्ता माइकापुढचा हाय. रानात हुता तवा ऐकायला पायजे हुता.

सृष्टी : मेंढरं दिसतायत का? वळली का?

अंबूबाई : दारातनं बघती थांब.

सृष्टी : आक्का? आली का?

अंबूबाई : मेंढरं अजून वड्यालाच हाइत. आदी हेच आलं, सोप्यातनं उठून.